सतरा जानेवारी

कुंडलिकनं पाठवलं म्हणता — मग बसा, बसा, उभं राहून काय बोलायचं. रविवार हाये, कोर्ट बंद, पक्षकार कुणी येणार नाय, निवांत बोलू. पाणी घ्या, माठातलं हाये, लई गार लागतं. काय म्हणला कुंडलिक — जालिंदर वकिलानं मला सोडवलं, तुमालाबी सोडवील? म्हणणारच. नऊ वर्षं झाली त्या केशीला, अजून आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत ज्याच्यावर खोट्या कागदाचा गुन्हा पडतो तो ह्याच खुर्चीत येऊन बसतो — तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचे सेक्रेटरी, एक दोन हेडमास्तरबी येऊन गेले — आणि सगळे कुंडलिकचं नाव सांगत्यात. तुमी त्या पुनर्वसनाच्या दाखल्याच्या भानगडीतले ना? पेपरात वाचलं. धरणाखाली ज्याची जमीन गेलीच नाय त्याला धरणग्रस्ताचा दाखला, आणि त्या दाखल्यावर सरकारी नोकरी. नाय, आत्ता मला काय सांगू नका, तुमी केलं का नाय केलं ते. ते सांगायच्या आधी कुंडलिकच्या केशीचं माझ्याकडनं ऐका, कारण त्यानं तुमाला अर्धंच सांगितलं असंल. त्याला अर्धंच ठाऊक हाये — नाय, ठाऊक सगळं हाये, पण त्याला त्याचं काय वाटत नाय.

कुंडलिक तेव्हा हायवेकडच्या एका गावात तलाठी व्हता. गावाचं नाव नाय घेत, सवय हाये. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. त्याचा बाप कोतवाल — साहेब आला की पुढं पळायचं, दवंडी द्यायची, चावडी झाडायची. त्या चावडीत खुर्चीवर बसलेला त्यांच्या घरातला हा पहिला माणूस. अक्षर असं की मोती मांडल्यागत, आणि शिवारातला बांधनबांध तोंडपाठ. लोक भाऊसाहेब भाऊसाहेब करत मागं फिरायचे. आता रस्ता रुंद व्हणार, फाट्याफाट्यावर हॉटेलं, पंप येणार, हे गावाच्या आधी त्याला कळलं — मोजणीचे कागद त्याच्याच हातनं जायचे. आणि रस्त्याला लागून दोन एकर माळ व्हता, सारजाबाईचा.

सारजाबाई म्हंजे मेंढरावाली. नवरा म्हस्कू आधीच गेलेला, एक ल्योक, त्याची बायको पुष्पा, आणि शंभर दीडशे मेंढरं. त्या माळावर कुसळाशिवाय काय उगवत नव्हतं, पण चार महिने मेंढरं तिथंच बसायची, त्यांना ती जागा ठरलेली. दिवाळी झाली की ही माणसं माळशेज उतरून खाली मुरबाडकडं जायची, भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, आणि वैशाखात परत वर. सहा महिने घराला कुलूप. चौऱ्याण्णव साली साथीत त्यांची बरीच मेंढरं मेली. कुंडलिक वाड्यावर गेला — वाडा म्हंजे त्यांचा मेंढरांचा तळ — आणि म्हणला, मावशे, सरकार नुकसानभरपाई देतंय, अंगठा कर. तिनं केला. दोन कागदांवर केला. वर आणि त्याला चहा पाजला.

त्या अंगठ्यांचं पुढं काय झालं ते तुमच्यासारख्याला सांगायला नको. एका कागदावर वाटणीची वर्दी झाली — हा माळ चुलत दिराच्या हिश्श्याचा हाये, माझी हरकत नाय. दुसऱ्यावर नोटीस पोचल्याची सही झाली, तारीख एकोणीस जानेवारी पंच्याण्णव. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाय, नोंद मंजूर, आणि दिरानं उन्हाळ्याच्या आत माळ विकला कुंडलिकच्या मेव्हण्याला. वैशाखात म्हातारी मेंढरं घेऊन वर आली तर माळाला तारेचं कुंपण. मेंढरं नेहमीसारखी जाऊन तारेला भिडली आणि तिथंच उभी राह्यली, हलंनात. हे मला तिनंच सांगितलं — कोर्टात सांगितलं, साक्षीत. टायपिस्टनं ते टाईप केलं नाय, त्याला वाटलं कामाचं नाय.

म्हातारी चिवट. दीड वर्ष ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, मग एक नवा फौजदार आला त्यानं गुन्हा नोंदवला. कलमं तुमाला पाठ झाली असतील एव्हाना — चारशे वीस, सदुसष्ट, अडुसष्ट, एकाहत्तर. कुंडलिक सस्पेंड. तो ह्याच खुर्चीत बसून रडला बघा. म्हणला, साहेब, केलं मी, चुकलो, पण मला त्या चावडीवरनं बेड्या घालून नेतील हो, बापानं झाडलेली चावडी. मी म्हणलं, केलंस हे परत कुणाला सांगू नको, मलाबी नको सांगू.

आता तुमी म्हणाल, गुन्हेगार हाये हे कळल्यावर केस घेतलीच कशाला. घ्यायची असते. त्याची मला लाज नाय, आजबी नाय. आरोपीच्या बाजूनं एक माणूस उभा राह्यलाच पाहिजे, नायतर कोर्ट कशाला आणि वकील कशाला — सरकारनं शाबित करावं, आमी प्रश्न विचारावेत, शाबित नाय झालं तर माणूस सुटावा. तीस वर्षं मी हेच केलं. खिसेकापूसुद्धा आला तरी त्याचं ऐकून घेतलंय. तेवढंच केलं असतं तर मी आज तुमच्यापुढं हे बोलत बसलो नसतो — तुमची केस घेतली असती आणि दुपारचा झोपलो असतो.

केस सोपी नव्हती. अंगठा तिचा, हे तीबी कबूल करत व्हती. पण सरकारी वकिलाचं म्हणणं एकच — एकोणीस जानेवारीला ही बाई कोकणात, मग गावात नोटिशीवर अंगठा कसा? आणि ती कोकणात व्हती हे अख्ख्या गावाला ठाऊक. कुंडलिकच्या तोंडावर तर कळा नव्हती. मी तिचा पोलिसातला जबाब चार चारदा वाचला. त्यात एक ओळ सापडली. त्या हंगामात ती मधी एकदा वर आली व्हती, एसटीनं, सुनेच्या बाळंतपणाला. पुष्पाला दिवस भरत आलेले म्हणून तिला घाटाखाली नेली नव्हती, गावातच ठेवलेली. पुष्पाला पोरगी झाली शिमग्याला, धुळवडीच्या दिवशी. म्हातारी चार दिवस राह्यली आणि परत उतरली. घरातच झालेली पोर, सुईणीच्या हातनं.

उलटतपासणीत मी तिला मावशी म्हणलं. आवाज चढवायचा नाय हा माझा नेम हाये. म्हणलं, मावशी, खाली गेल्यावर मधी वर आलाच नाय का तुमी? तिला खोटं बोलता आलं असतं हो, नाय म्हणली असती तर काम झालं असतं. पण ती म्हणली, आले व्हते की, येकदाच, पुष्पीच्या बाळंतपणाला. मी म्हणलं, कधी? ती म्हणली, शिमग्याला. तारीख? तारीख तिला सांगता येईना. मग मी ग्रामपंचायतीचं जन्माचं रजिस्टर पुढं केलं, ग्रामसेवकाला साक्षीला बोलावला, आणि साहेबांना दाखवलं — पुष्पाच्या मुलीचा जन्म, सतरा जानेवारी पंच्याण्णव. म्हंजे बाई सतराला गावात. एकोणीसला नोटीस. मिटलं.

ती बावरली. म्हणली, न्हाई हो, शिमग्याची पोर हाये, अंगणात रंग चालला व्हता, आमी तिला शिमगीच म्हणतो, शाळंत कायबी नाव घाला. मी उठून म्हणलं, साहेब, लाडाचं नाव हा पुरावा व्हऊ शकत नाय. कोर्टात दोघं चौघं हसली. सरकारी वकिलाकडं त्या दिवशी चाळीस केशी, त्याला पुष्पाला साक्षीला आणायचं सुचलं नाय असं नाय, त्यानं समन्स काढलं व्हतं — पण ती तेव्हा कोकणात, समन्स घराला कुलूप म्हणून परत आलं. मला ठाऊक व्हतं ते परत येणार. तारीख मीच तशी मागून घेतली व्हती, पौषातली.

निकाल लागला, संशयाचा फायदा, निर्दोष. कुंडलिकला गावात वाजत नेला. चावडीपुढं हार घातले. मलाबी घातला. परत कामावर घेतला त्याला, मागचा पगार निघाला, पुढं सर्कल ऑफिसर होऊन रिटायर झाला. त्या माळावर आता पंप हाये, तुमी येताना डिझेल भरलं असंल.

आणि चौथ्या का पाचव्या दिवशी सारजाबाई आली. हिथंच. मी म्हणलं, आता शिव्या देणार, बसून ऐकून घ्यावं. शिव्या नाय दिल्या. घोंगडं काढलं पाठीवरनं, खाली अंथरलं आणि त्यावर बसली, खुर्चीवर नाय बसली. म्हणली, तू लई चांगला बोलतो. मला तर कायबी बोलता आलं न्हाई. त्याच्या बाजूनं बोलून झालं ना तुझं? मग आता माझ्या बाजूनं बोल.

काय सांगायचं राव तिला. मी कायदा सांगितला. म्हणलं, मावशी, ज्याची केस चालवली त्याच्याच विरुद्ध उभं राहता येत नाय, तसा नियम हाये. ती म्हणली, नियम कुनाचा? म्हणलं, वकिलांचा. मग ती उठली, घोंगडं झटकून पाठीवर टाकलं आणि गेली. जाताना म्हणली, नियम तरी हाये तुमच्यात. टोमणा नव्हता बरं का त्यात, तिला खरंच वाटलं असं.

हा — विचारा की. नाय, कळलं मला काय विचारताय ते. पोर शिमग्याची, तर रजिस्टरात जानेवारी कशी? चुकून पडली असंल म्हणता? पडती की, लई चुका असत्यात त्या रजिस्टरांत, तुमाला आमाला काय नवं हाये. ग्रामसेवक आठ दिवसांनी नोंदी करतो, कुणी काय सांगंल ते लिहितो... नाय. नाय, चुकून नव्हती. चुकून कशी पडंल? त्या पोरीची नोंदच नव्हती. घरात झालेली पोर, सासू कोकणात परत गेलेली, बाप मेंढरामागं — कोण जाणार पंचायतीत नोंद करायला? मी कुंडलिकला एवढंच म्हणलं व्हतं, त्या पोरीची नोंद हाये का बघा, जानेवारीतली असती तर बरं व्हतं. एवढंच. असती तर. माझं वाक्य मला तंतोतंत आठवतं, कारण पुढं कितीदा तरी मी ते स्वतःला म्हणून दाखवलंय — मी फक्त विचारलं. ग्रामसेवक कुंडलिकच्या बसण्याउठण्यातला. त्यानं जानेवारीच्या पानावर खाली एक ओळ मोकळी सोडलेली, आळसानं म्हणा. आठ दिवसांनी कुंडलिक रजिस्टरच घेऊन आला, ह्या टेबलावर ठेवलं, उघडलं. ओळ भरलेली. आणि तारखेची जागा तेवढी कोरी. म्हणला, साहेब, तारीख कोणती घालायची ते तुमीच सांगा, मागंपुढं व्हायला नको.

मी सांगितली. सांगितली म्हंजे — त्यानं पेन काढलं. मोत्यासारखं अक्षर त्याचं, पण त्या दिवशी पेन धरवंना. मीच घातली. सतरा, शून्य एक, पंच्याण्णव. सहा आकडे. ह्या हातानं.

आणि शाई ओली दिसत व्हती, काळीभोर. वरच्या ओळी तीन वर्षांच्या, उडालेल्या. मी ते पान तीन दिवस त्या खिडकीत ठेवलं, दुपारचं ऊन येतं तिथं, आणि रोज तळहातानं पुसलं, घामाच्या हातानं. बायको म्हणली, काय करताय, म्हणलं, पुस्तकाला कसर लागलीय. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नव्हतो. तुमाला का बोललो कुणास ठाऊक. तुमी काय माझे सोयरे नाय.

थांबा, निघू नका इतक्यात. सुरू केलंय तर सगळं ऐका.

दोन वर्षं मी गप बसलो. काय व्हत नव्हतं मला, खोटं कशाला सांगू, प्रॅक्टिस वाढली, पाटी नवी केली. पण रस्त्यानं जाताना एकदा त्या पंपाजवळ गाडी थांबली, पुढं मेंढरं. ह्यांचीच. कातिकातले दिवस, घाटाकडं निघालेली. आणि पंपाच्या अलीकडं आली तशी सगळी वळली आणि आत शिरली. सवयीनं. डांबरावर जाऊन बसली काय काय, पंपाच्या खाली. पंपावरची पोरं काठ्या घेऊन आली. सारजाबाई मधी उभी, मारू नका रं, मारू नका, त्यांना सांगितलं न्हाई कुनी, असं म्हणत एकेकाचं शिंग धरून भाईर वढत व्हती. आणि संग एक पोरगी, पाचसहा वर्षांची, अनवाणी, अशी पळत व्हती इकडनं तिकडं मेंढरं वळवत — मी म्हणलं, ही ती. ही माझी सतरा जानेवारी.

त्यानंतर वैशाखात ती लोकं वर आली तेव्हा मी वाड्यावर गेलो. गाडी लांब लावली, चालत गेलो. म्हातारी कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेली. मी सांगितलं सगळं. रजिस्टर, तारीख, माझा हात. तिला कळलं का नाय मला उमगंना, कारण ती कोकराकडंच बघत व्हती. मग म्हणली, म्हंजी मी खोटं बोलले न्हवते. म्हणलं, नाय मावशी. ती म्हणली, मला वाटाया लागलं व्हतं, आपलंच चुकलं आसंल. म्हातारपनी ध्यानात ऱ्हात न्हाई. मंग हे तू कोर्टात सांगशील?

मी म्हणलं, सांगतो.

कुणी बोलायला लावलं नव्हतं मला. मीच म्हणलं, सांगतो. वर दिवसबी सांगितला — येत्या सोमवारी अकराला कोर्टात या, मी साहेबांपुढं अर्ज देतो. ती म्हणली, बरं. मला चहा दिला. काळा, गुळाचा.

सोमवारी मी गेलो कोर्टात. अर्ज खिशात व्हता, लिहिला व्हता मी, स्वतःच्या अक्षरात, टायपिस्टला दिला नव्हता. ती पायरीवर बसलेली, घोंगडं अंथरून. मला लांबनं दिसली. आणि मी रेकॉर्ड रूमच्या बाजूनं आत गेलो. सनद गेली असती राव. सनद जाऊ द्या, सात वर्षं आत बसलो असतो, ज्या साहेबांपुढं मी रोज उभा राहतो त्यांच्यापुढं पिंजऱ्यात. हे सगळं मला वाड्यावर असताना ठाऊक नव्हतं का? व्हतं. पण तिथं ते लांब वाटत व्हतं. मंगळवारी ती परत आली. बुधवारीबी आली. शिपायाला विचारायची, जालिंदर वकील आला का? तो म्हणायचा, आत हायेत की. मग ती बसायची. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तीन दिवस बसली ती बाई — मेंढरं सोडून ती कधी आजारी पडली तरी गेली नव्हती कुठं. तिन्ही दिवस मी मागच्या दारानं गेलो. गुरुवारी ती आली नाय, आणि मला बरं वाटलं. हे एक वाक्य मला कुणी कापून काढून दिलं तर बरं व्हईल. बरं वाटलं मला.

परत ती कधी आली नाय. कुणाला बोललीबी नाय, बोलली असती तर बभ्रा झाला असता. गेल्या पौषात वारली, घाटाखालीच, तिकडंच जाळली. मला उन्हाळ्यात कळलं, बाजारात कोण तरी बोलताना. मी म्हणलं, संपलं. आता हे फक्त कुंडलिकला आणि मला ठाऊक, आणि तो ग्रामसेवक, तो तर बदलून लांब गेला.

आणि परवा, गुरुवारी, पुष्पा आली. सून. मी वळखली नाय, नावानं वळखली. संग पोरगी. उंच झालीय, पाय काटक, लांब लांब, बारा वर्षांची. सातवीत हाये. शाळेत धावण्यात पहिली, तालुक्यात पहिली, जिल्ह्याला गेली तिथं दुसरी. मेंढरामागं पळून पळून पळायला शिकली म्हणती आई. खेळाची कसली तरी निवासी शाळा हाये, राहणं, खाणं, शिक्षण सगळं त्यांचं, तिथं निवड झाली. आणि कागद बघितले तशी परत पाठवली. का? तर एक मार्च पंच्याण्णवच्या आधीचा जन्म चालत नाय. दाखल्यावर सतरा जानेवारी. शिमगा त्या साली मार्चच्या मध्याला व्हता — पंचांग बघितलं मी, मागंच बघितलं व्हतं, केशीच्या वेळी. पंधरा दिवस राखून बसली असती पोर. आरामात बसली असती.

पुष्पा म्हणली, साहेब, आत्याबाई जाताना म्हणल्या व्हत्या, पोरीच्या तारखेचं कधी अडलं तर जुन्नरच्या वकिलाकडं जा. त्याला खरी तारीख ठावं हाये.

बास, तेवढंच सांगून गेली व्हती म्हातारी. कशी ठावं, का ठावं, कायबी नाय. पुष्पाला वाटलं माझ्याकडं कायतरी जुना कागद असंल. पोरगी उभी व्हती ती तिथं, दाराला टेकून, भिंतीवरच्या फोटोंकडं बघत. मी तिला विचारलं, कितवीत हायेस, ठाऊक असून विचारलं. म्हणली, सातवीत. मी म्हणलं, नाव काय? म्हणली, समृद्धी. मग आईकडं बघून हसली आणि म्हणली, घरी शिमगी म्हणत्यात.

दुरुस्ती व्हऊ शकती, कायद्यात सोय हाये. कोर्टात अर्ज, शपथपत्र. पण सरकारी रजिस्टरातली नोंद खोटी हाये हे कुणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे, ती कशी खोटी झाली हे सांगायला पाहिजे, सुईण मेलीय, म्हातारी मेलीय. राह्यलं कोण? मी पुष्पाला म्हणलं, सोमवारी या. तोंडातनं तेच निघालं बघा, सोमवारी. उद्या. निवासी शाळेची मुदत गुरुवारी संपतीय. तेव्हापासनं मी इथं बसलोय. अर्ज लिहायला घेतला दोनदा, पहिल्या ओळीच्या पुढं जात नाय — मी, खाली सही करणार, शपथेवर असं सांगतो की.

म्हणून म्हणतो भाऊ, कुंडलिकचं ऐकून माझ्याकडं आलात ते चुकलं. तुमाला वकील पाहिजे, मिळंल. पलीकडच्या आळीत नवे दोघं हायेत, शिकलेले, नीट केस चालवतील, जामीन करतील, खरं असंल ते कबूल करा, शिक्षा कमी व्हईल. तुमचा दाखला ज्याला मिळाला त्याच्यापायी ज्याची जमीन खरंच धरणाखाली गेली त्याची नोकरी गेली असंल, त्याचा विचार करा म्हणत नाय मी, मी कोण सांगणार, पण...

हे काय? हे काय काढताय पिशवीतनं? जावक रजिस्टर? ऑफिसचं? हे तुमी संगच घेऊन आलाय — नाय, उघडू नका. मी काय सांगितलं तुमाला एवढा वेळ? ऐकलंत ना? का त्यासाठीच ऐकत बसला व्हता? नाय, मला नाय बघायचं, कितवं पान, काय, ठेवा ते — कोणती ओळ? ही? ही मधी बसवलीय. वरच्या खालच्या ओळी बॉलपेनच्या, निळ्या, आणि ही शाईच्या पेनची, कुणीबी वळखंल, आणि आकडा बघा, त्याच माणसाचा सात वरती असा आडव्या रेघेचा हाये आणि हिथं साधा, हे असं चालत नाय, हे आधी...

मिटा ते.

उठा. उठा म्हणतो ना. जाताना दार लावून घ्या.